इशापूरच्या दोन बंदुका, ओहायोचं तळघर: प्रकल्प नोंदी

९ मार्च २०२५, रविवार

बर्फ वितळला, आणि म्हातारबांच्या गराजमधली आमची भिशी पुन्हा सुरू झाली. भिशी हे नाव नागपूरकरने ठेवलेलं, पैसे कुणी कुणाला देत नाही. नियम एकच: हिवाळ्यात कोणती बंदूक घेतली आणि यंदा कोणती घ्यायचं मनात आहे ते प्रत्येकाने सांगायचं, मग उरलेल्या तिघांनी त्याला यथेच्छ झोडायचं. म्हातारबा म्हणजे आमच्या गल्लीतले गोरे आजोबा, ऐंशीला टेकलेले, जन्मभर यंत्रांचे सुटे भाग बनवणारे कारागीर. चाळीस वर्षं ते ली-एनफील्ड, म्हणजे ब्रिटिश सैन्याच्या जुन्या बोल्ट रायफली, जमवताहेत. आपल्याला मागे ‘म्हातारबा’ म्हणतात हे त्यांना ठाऊक नाही.

यंदाची यादी अशी. नागपूरकरला वेब्ली मार्क सिक्स रिव्हॉल्व्हर हवंय. भुसावळकरला एम-वन गॅरंड. म्हातारबा दर वर्षीप्रमाणे “काही नाही” म्हणाले, म्हणजे दोन तरी येणार. माझी इच्छा गेली दोन वर्षं तीच: बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यातल्या दोन रायफली. एक स्वातंत्र्याआधीची, एक नंतरची. कारखाना तोच, घडणही जवळपास तीच, फक्त एकीवर मुकुट आणि दुसरीवर अशोकस्तंभाचे सिंह. या दोन एकाच भिंतीवर लावायच्या, एवढाच प्रकल्प.

बायकोशी ठरलेलं बजेट: दोन्ही मिळून पंधराशे डॉलर. त्यात तेल, स्क्रूड्रायव्हर, गेज सगळं आलं.

मी खडकीत वाढलो. बाबा अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत कामाला होते आणि आमच्या घरातलं घड्याळ फॅक्टरीच्या भोंग्यावर लावलेलं असे. तरी चाळिशीपर्यंत मी हातात धरलेली रायफल एकच, कॉलेजातल्या एनसीसीची .२२. इथे आल्यावर बारा वर्षं एच-वन-बीवर काढली. त्या व्हिसावर, शिकारीच्या परवान्यासारखी एखादी सवलत सोडली, तर बंदूक बाळगताच येत नाही. ग्रीन कार्ड आलं तेव्हा बाकीच्यांनी घरं घेतली. मी पहिल्याच महिन्यात म्हातारबांच्या गराजमध्ये जाऊन बसलो.

२२ मार्च, शनिवार

गन शो. उन्हाळ्यात जिथे गाई-मेंढ्यांचं प्रदर्शन भरतं त्याच शेडमध्ये, वासही तोच. नव्वद टक्के टेबलांवर काळ्या एआर आणि प्लास्टिकच्या पिस्तुलांची चळत, मधे मधे सुक्या मांसाच्या पट्ट्या विकणारे. जुनं लाकूड मांडलेली टेबलं दोनच.

तिथे टू-ए-वन, म्हणजे इशापूरच्या ७.६२ काडतुसाच्या रायफली, तीन होत्या. पहिलीचा दस्ता घासून, वर वॉर्निश मारून असा चकचकीत केलेला की सोफ्याचा हात वाटावा. लाकूड घासलं की त्यावरचे शिक्के जातात. ते गेले की बंदुकीचं तोंड बंद झालं. दुसरी नळीकडून आखूड केलेली, पुढे नरसाळ्यासारखा फ्लॅश हायडर, चिठ्ठीवर ‘जंगल कार्बाइन’. विकणाऱ्याने ती बर्माच्या लढाईत पाठवली. गोष्ट ऐकायला पैसे पडत नाहीत म्हणून ऐकून घेतली. खरी जंगल कार्बाइन म्हणजे नंबर फाइव्ह, .३०३ काडतुसाची, १९४४ ते १९४७ या काळात इंग्लंडात बनलेली. समोरची ७.६२, म्हणजे बर्माची लढाई संपून वीस वर्षं झाल्यावरची, आणि कापलेली इथे अमेरिकेत. मी मान हलवली आणि पुढे सरकलो.

तिसरी मात्र काळी, तेलकट, ठिकठिकाणी पोचे पडलेली. बोल्ट (काडतूस आत ढकलणारा दांडा) काढून नळीतून टॉर्च मारला: झिरी (नळीतल्या पिळाच्या खाचा) स्पष्ट, तोंडाजवळ झीज थोडी. बोल्टवरचा नंबर आणि रिसीव्हरवरचा, म्हणजे तो ज्यात बसतो त्या सांगाड्यावरचा, नंबर एकच. पुढच्या लाकडाला, चापाच्या कड्याच्या वर, केसाएवढी भेग. आयातदाराचा बारीक शिक्का नळीवर आहेच. तो कायद्याने मारावाच लागतो, कितीही डोळ्यांत खुपला तरी.

साडेसहाशे मागितले, पाचशे पंचाहत्तरवर तुटलं. भेगेने माझे पन्नास तरी वाचवले.

२३ मार्च, रविवार

पहिलं काम चोपडी.

माझ्याकडे ‘क्युरिओ अँड रेलिक’चा संग्राहक परवाना आहे. तीन वर्षांना तीस डॉलर, इथल्या दोन पिझ्झांचा भाव. बंदूक बनून पन्नास वर्षं झाली की ती या वर्गात मोडते, आणि परवानाधारकाला ती दुसऱ्या राज्यातूनही थेट घरपोच मागवता येते. बदल्यात एक बांधीव वही ठेवायची: कोणती बंदूक, कुणी बनवली, नंबर, कॅलिबर, कुणाकडून आली, कधी आली. आलेली नोंद लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवसाअखेर झालीच पाहिजे. धंदा मात्र करायचा नाही, हा परवाना छंदापुरता.

नियमात ‘बांधीव’ एवढंच म्हटलंय. माझी वही पुण्याहून आणलेली लाल कापडाची चोपडी आहे, पहिल्या पानावर कुंकवाचं बोट. नागपूरकर म्हणतो, तपासणीला माणूस आला तर त्याला वाटेल तू किराणा दुकान चालवतोस.

या सगळ्या कागदपत्रांचा उगम १९६८च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टमध्ये. त्याआधी इथे मासिकातल्या जाहिरातीतलं कुपन कापून पाठवलं की टपालाने लष्करी रायफल घरी यायची. केनेडींना मारणारी रायफलही तशीच टपालाने मागवलेली, इटालियन. म्हातारबांनी त्यांची पहिली एनफील्ड टपालानेच मागवली होती आणि हरणाच्या शिकारीसाठी तिचं पुढचं लाकूड करवतीने कापलं होतं. ही गोष्ट ते दर वर्षी एकदा सांगतात आणि दर वर्षी तेवढेच हळहळतात.

३० मार्च, पाडवा

गुढी अंगणात, बर्फाची रिपरिप, आणि मी तळघरात भिंग घेऊन शिक्के वाचत बसलेला. बट सॉकेटवर, म्हणजे दस्ता जिथे लोखंडात बसतो तिथे, अशोकस्तंभ, आर. एफ. आय. आणि १९६६.

रायफल फॅक्टरी इशापूर. हुगळीकाठी, कोलकात्याच्या वर. तिथे कंपनी सरकारची दारूगोळ्याची गिरणी अठराव्या शतकाच्या शेवटची, रायफलीचा कारखाना १९०४चा. एसएमएलई नावाची ती बुटक्या तोंडाची ली-एनफील्ड तिथे दोन महायुद्धांत बनली आणि इंग्रज गेल्यावरही बनत राहिली. १९६२ला चीनकडून मार खाल्ल्यावर सैन्याला एसएलआर (आपोआप भरणाऱ्या रायफली) भराभर हव्या होत्या, आणि त्या तेवढ्या वेगाने होत नव्हत्या. मग ओळखीचीच बोल्ट रायफल घेतली, पोलाद अधिक तगडं वापरलं, एसएलआरचं ७.६२ काडतूस बसेल अशी नळी आणि बारा गोळ्यांचं चौकोनी मॅगझिन दिलं. झाली टू-ए. तिची मागची साइट दोन हजार मीटरपर्यंत आखलेली होती. एवढ्या लांब कोण मारतंय? ती आठशेवर आणली आणि नाव झालं टू-ए-वन. दस्त्याखालची पाटी एसएलआरच्याच घाटाची, मिश्रधातूची. पुढच्या लाकडात मॅगझिनच्या पुढे एक आडवा स्क्रू, लाकूड फाटू नये म्हणून. घाईत केलेलं काम आहे, पण कामचलाऊ नाही. डोक्याने केलेला जुगाड आहे.

बाबांना व्हिडिओवर दाखवली. चष्मा पुसून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “किती दिले?”

आकडा सांगितला. त्यांनी मनातल्या मनात पंच्याऐंशीने गुणलं, ते चेहऱ्यावर दिसलं.

“अरे, एवढ्यात तर... असो. इशापूर म्हणजे बंगाल. आमचं काम काडतुसांचं. बंदूक आम्ही बघितली ती गेटवरच्या पहारेकऱ्याच्या खांद्यावर. आणि ऐक, घरी टरफलसुद्धा आणलं नव्हतं मी कधी. तू अख्खी बंदूक आणलीस.”

मग जरा थांबून, “इकडे आणता येईल का रे?”

नाही. .३०३ आणि ७.६२ दोन्ही तिकडे ‘प्रोहिबिटेड बोअर’, सामान्य माणसाला परवाना नाही. म्हणूनच इशापूरने नागरिकांसाठी .३१५ची वेगळी रायफल काढली. जिचं पोलाद तिकडचं, लाकूड तिकडचं, कारागीर तिकडचे, ती बंदूक खडकीच्या माणसाला ओहायोत ठेवता येते, खडकीत नाही. बाबा म्हणाले, “बरोबरच आहे ते.” मलाही ते बरोबरच वाटतं. तरी फोन ठेवल्यावर उगीच बोल्ट मागे-पुढे करत बसलो.

१२ एप्रिल, शनिवार

खोलणी. थोडक्यात वाचलो.

दस्ता हलत होता. दस्त्याच्या पाटीतली झडप उघडली की आत खोल एक लांब बोल्ट दिसतो. माझा हात लांब स्क्रूड्रायव्हरकडे गेला आणि म्हातारबांनी अक्षरशः मनगट पकडलं. जुन्या एसएमएलईत त्या बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या एका पट्टीत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड न काढता बोल्ट फिरवला, तर तो चौकोन आतून लाकूड फोडतो. म्हणून आधी नाकाडं (नोज कॅप), मग पुढचं लाकूड, आणि दस्ता सगळ्यांत शेवटी. “ती केसाएवढी भेग,” म्हातारबा म्हणाले, “तुझ्या आधीच्या कुणीतरी नेमकं हेच केलं असणार.”

स्क्रूड्रायव्हरही साधा चालत नाही. साध्याचं पातं निमुळतं, ते खाचेच्या कडा खातं. सरळ पात्याचा, खाचेत घट्ट बसणारा लागतो. चापाच्या कड्याचा पुढचा स्क्रू निघायला चाळीस मिनिटं लागली. तेल, थोडी ऊब, पुन्हा तेल, आणि मधे चहा.

लाकडाखाली, नळीच्या पन्हाळीत, गोठलेलं तपकिरी ग्रीस. वर सगळीकडे कारखान्याचा काळा रंग फासलेला. ग्रीस काढायचं, रंगाला हात लावायचा नाही. नागपूरकरला तो रंग काढून निळसर पॉलिश करावंसं वाटतं. त्याला आमच्या तळघरात खुर्चीवर बसवलं आणि खुर्चीवरून उठायचं नाही असं सांगितलं.

२० एप्रिल, रविवार

ऊन निघालं. लाकूड काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलं. दुपारपर्यंत आतलं तेल घामासारखं बाहेर आलं, पुसलं, उलटं करून पुन्हा ठेवलं. आई गच्चीवर कुरडया अशाच पालटायची. बायकोने गाडीत डोकं घातलं आणि म्हणाली, आता भाजी आणायला या गाडीतून मी जाणार नाही.

मग जवसाचं तेल. कच्चं, डब्यावर ‘उकळलेलं’ लिहिलेलं नाही. त्या उकळलेल्यात लवकर सुकावं म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात. कच्चं सुकायला दिवसच्या दिवस घेतं, पण लाकडात मुरतं. तळहाताने चोळायचं, तळहात गरम झाला की पुरे. पहिला आठवडा रोज, मग महिनाभर आठवड्यातून एकदा, मग वर्षभर महिन्यातून एकदा. घरभर आजीच्या जवसाच्या चटणीचा वास.

तेलाची फडकी चुरगळून डब्यात टाकायची नाहीत, आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवून मग बाहेर वाळत घालायची.

२६ एप्रिल, शनिवार

भेगेत पातळ इपॉक्सी, दोन दिवस क्लॅम्पमध्ये. बसली.

हेडस्पेस तपासला. बोल्टचं तोंड आणि चेंबरमधली काडतूस अडवणारी जागा यांच्यातलं अंतर जास्त असेल तर टरफल आत ताणून तुटतं. ‘गो’ गेजवर बोल्ट बंद झाला पाहिजे, ‘नो-गो’वर नाही. झाला आणि नाही झाला. हुश्श.

मग भिशीत तोच जुना वाद: टू-ए-वनमध्ये बाजारातली .३०८ विंचेस्टर मारायची का नाही? बाहेरून दोन्ही काडतुसं सारखीच. एक पक्ष म्हणतो, पोलाद तगडं आहे, खुशाल मारा. दुसरा म्हणतो, रायफल ज्या काडतुसासाठी तपासली गेली तेच घाला. दोन्ही बाजूंकडे शपथा भरपूर. मी दुसऱ्या पक्षात, तेही सौम्य भरणीच्या गोळ्या घेऊन. साठ वर्षांच्या बंदुकीवर मी काही सिद्ध करायला निघालेलो नाही.

१७ मे, शनिवार

रेंज. दहा गोळ्या, शंभर यार्ड. मी उजवीकडे चार इंच मारतो आणि ते बंदुकीचं काम नाही.

एनफील्डचा बोल्ट बंद होताना स्प्रिंग दाबतो, उघडताना नाही. त्यामुळे उघडणं लोण्यासारखं, आणि बंद करताना तळहाताने शेवटचा एक धक्का. त्याची लय एकदा हाताला बसली की नेम विसरून नुसता बोल्ट चालवत राहावंसं वाटतं. चापाचे टप्पे दोन: पहिला मोकळा, दुसरा ठाम.

खरी मजा बाजूच्या बाकावर झाली. एका गोऱ्या गृहस्थाने खोक्यातून जुनी ७.६२ची रिकामी टरफलं काढली आणि बुडावरची अक्षरं वाचत विचारलं, हे ओ-एफ-व्ही कुठलं? भुसावळकर वाकून बघतो तर काय. “अरे, हे वरणगाव! ऑर्डनन्स फॅक्टरी वरणगाव! आमच्या घरापासून तेरा किलोमीटर!” तो गृहस्थ दचकून मागे सरकला. मग भुसावळकरने त्याला जळगाव जिल्हा, केळी, भुसावळचं जंक्शन आणि भरीत समजावलं. त्याने एक टरफल भेट दिलं. भुसावळकरने ते गाडीत डॅशबोर्डवर, गणपतीशेजारी ठेवलंय.

१४ जून, शनिवार

नागपूरकरची वेब्ली आली. घरात लग्न असल्यासारखा आवाज करत आला आणि पाच मिनिटांत शांत झाला.

वेब्ली मार्क सिक्स १९१५ची, .४५५ काडतुसाची, मधून मोडून उघडणारी, आणि उघडली की सहाही टरफलं एकदम बाहेर फेकणारी. दिसायला राजेशाही. म्हातारबांनी सिलिंडरची मागची कड बोटाने चाचपली आणि काही न बोलता टेबलावर ठेवली. ती कड कापलेली होती. .४५५ इथे दुर्मीळ, .४५ एसीपी हे अमेरिकन पिस्तुलाचं काडतूस कोपऱ्यावरच्या दुकानात. म्हणून एके काळी आयात झालेल्या शेकडो वेब्लींच्या सिलिंडरची मागची बाजू छिलली गेली, चकतीच्या क्लिपमध्ये .४५ एसीपी बसावी म्हणून. बसते खरी. पण कारखान्यातल्या त्या नेहमीच्या .४५ एसीपीचा दाब, वेब्ली ज्या दाबावर तपासून पास केली त्याहूनही जास्त. बंदूक लगेच फुटेल असं नाही, पण रोज तिचं आयुष्य खरवडलं जातं. आणि संग्राहकाच्या लेखी किंमत निम्मी.

विकणाऱ्याने ‘मूळ अवस्थेत’ लिहिलं होतं. फोटोत सिलिंडर मागून कुठेच दिसत नव्हता, हे आम्हा चौघांपैकी कुणाच्याही लक्षात आलं नाही, घेण्याआधी आम्हाला दाखवले होते तरी. म्हणजे दोष वाटून घ्यायला हवा. नागपूरकरने परत पाठवायला नकार दिला. “ठेवतो न बे! हात लावला ना, आता माझीच झाली ते.” सौम्य भरणीची काडतुसं मागवणार म्हणतोय.

१९ जुलै, शनिवार

कॅम्प पेरी. एरी सरोवराच्या काठी, घरापासून दोन तासांवर. इथे १९०७पासून राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धा होतात. पाण्याकडे तोंड करून शेकडो माणसं आडवी, टोप्या, चटया, आणि वाऱ्यावर काडतुसाचा वास. जुन्या लष्करी रायफलींची वेगळी स्पर्धा असते. तिथे स्प्रिंगफील्ड, स्वीडिश माउझर, फिनिश मोसिन, आणि हो, दोन एनफील्डही.

भुसावळकरला गॅरंड मिळाली. ही अमेरिकन सैन्याने १९३६ला घेतलेली रायफल, एकूण पन्नास लाखांहून जास्त बनल्या. नागरी नेमबाजीसाठीची सीएमपी नावाची संस्था सैन्याकडून परत आलेल्या गॅरंड ग्रेड लावून विकते, तिचं दुकान तिथेच. एकेक उचलून बघायची, झीज बघायची, दस्त्याचा रंग बघायचा. लग्नासाठी मुलगी बघायला गेल्यासारखे आमचे चेहरे. पण तिथल्या अटींत अमेरिकन नागरिकत्व आहे. भुसावळकरचं झालंय, माझं नाही. मी हात मागे बांधून उभा.

आठ गोळ्यांची क्लिप संपली की ती ‘टिंग’ करून उडते. येताना गाडीत नागपूरकरने तो आवाज तोंडाने इतक्या वेळा काढला की टोलनाक्यावर त्याला मागच्या सीटवर पाठवला.

२४ ऑगस्ट, रविवार

भिशीत चर्चा नेपाळची. २००३च्या सुमारास दोन अमेरिकन कंपन्यांनी नेपाळच्या सैन्याचा जुना साठा उचलला. काठमांडूच्या एका जुन्या महालात पिढ्यान्‌पिढ्या पडून राहिलेल्या हजारो बंदुका: मार्टिनी-हेन्री आणि स्नायडर या एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश रायफली, आणि नेपाळात स्थानिक लोहारांनी मार्टिनीसारखी घडवलेली गहेंद्र. शंभर वर्षांच्या काजळीसकट विकल्या गेल्या. ज्या १८९८पर्यंतच्या, त्या इथल्या कायद्याने ‘अँटिक’, त्यांना परवाना नाही, चोपडी नाही.

म्हातारबांना गहेंद्र हवी आहे (“काही नाही” म्हणाले होते). मला मार्टिनीची खाली सरकणारी लिव्हर आवडते. पण ती घेतली तर मुकुटवाली इशापूर या वर्षी होत नाही. मार्टिनी पुढच्या वर्षीच्या यादीत.

कुणीतरी इशापूरचं .४१० मस्केटही सुचवलं. .३०३च्या नळीतल्या झिरी काढून गुळगुळीत केलेली, पहारेकऱ्यांसाठी आणि तुरुंगांसाठी. सैनिकांची गोळी कुणाच्या हाती लागलीच तर ती त्यात निरुपयोगी ठरावी, आणि त्या बंदुकीने दूरचा नेम धरता येऊ नये, म्हणून. इंग्रजांचा आपल्यावर किती विश्वास होता याचा असा लोखंडी पुरावा दुसरा नाही. घ्यावीशी वाटते आणि नाहीही.

६ सप्टेंबर, शनिवार

मुकुटवाली सापडली बहुतेक. पेनसिल्व्हानियातला एक संग्राहक संग्रह कमी करतोय. इशापूर, जी. आर. आय. (राजा जॉर्जचा शिक्का), १९४२, नंबर वन मार्क थ्री स्टार, म्हणजे एसएमएलईच. वेब्लीनंतर आम्ही शहाणे झालोय: बत्तीस फोटो मागवले. सिलिंडर नसला तरी मागून, खालून, लाकूड उतरवून, नाकाड्यावरचा नंबर, साइटखालचा नंबर. त्याने न कंटाळता पाठवले. बोल्टचा नंबर तेवढा अंधुक.

आठशे म्हणतोय. माझ्याकडे उरलेत सहाशे दहा.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

पूजेला टू-ए-वन काढली. बोल्ट वेगळा, मॅगझिन वेगळं, मुलं खोलीत असताना हा नियम सणालाही सुटत नाही. पाटावर रायफल, माझा स्क्रूड्रायव्हरचा संच, बायकोचा लॅपटॉप आणि मुलीची बास्केटबॉलची शिट्टी. हळद-कुंकू लाकडाला लावायचं नाही, डाग पडतो, म्हणून बट सॉकेटवर, सिंहांच्या शेजारी लावलं. आपटा इथे कुठला. मेपलची पानं घेतली, रंग तरी सोन्याचा आहे.

व्हिडिओवर बाबा होते. त्यांनी सांगितलं की पूर्वी या दिवशी फॅक्टरीत यंत्रांना झेंडू बांधायचे आणि त्या दिवशी यंत्राकडे बोट दाखवून कुणी शिव्या द्यायचा नाही.

मग मुंबईचा विषय निघाला. २६ नोव्हेंबरच्या त्या रात्री सीएसटीवर काही हवालदारांच्या हातात जुनी थ्री-नॉट-थ्री (.३०३) होती, समोर एके-४७. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर तिला २०२०च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात निरोप दिला. बाबा म्हणाले, “चांगली बंदूक, पण तिला किती वर्षं राबवायचं याला काही हिशेब?”

बायकोने दोनशे वाढवून दिले. तिच्या शब्दांत हे कर्ज आहे.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

सकाळी कुरिअरवाला, सही, लांब खोकं. धनत्रयोदशीला लोखंड घेऊ नये म्हणतात. आईला सांगितलं, पैसे आधीच दिलेत, आज नुसतं पोचलंय.

टू-ए-वनशेजारी ठेवली. चोवीस वर्षांचं अंतर आणि कारखाना एकच. मार्क थ्रीच्या पुढचा तो ‘स्टार’ म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या घाईत केलेली काटछाट: मॅगझिन बंद करणारी पट्टी काढली, लांब पल्ल्याची बाजूची साइट काढली. दोन्ही रायफली घाईच्या पोरी. दस्त्याची पितळी पाटी काळवंडलेली. ती घासायची नाही, नागपूरकर आला की लपवायची. पाटीतली झडप नखाने उघडली. आत तेलाची बाटली नाही, पण पुलथ्रूची, म्हणजे नळी साफ करायची, दोरी आहे आणि तिच्या टोकाला चिंदी अडकलेली, इतकी कडक की चिवडा वाटावी.

नळी काळपट. जुन्या काडतुसांच्या कॅपमधून मिठासारखा क्षार नळीत राहतो, तो हवेतलं पाणी ओढतो आणि नळी गंजते. नुसत्या तेलाने तो निघत नाही, आधी गरम पाणी लागतं. किटलीभर पाणी नरसाळ्याने ओतलं, चहासारखं खाली उतरलं. मग कोरडी फडकी, मग तेल. अकराव्या फडक्याला झिरी दिसायला लागल्या. वाईट नाहीत.

बोल्टचा नंबर भिंगाखाली उघडा पडला. जुळत नाही. एक आकडा वेगळा, म्हणजे सैन्यातल्या कुठल्याशा आर्मररने (बंदूक दुरुस्त करणाऱ्याने) कधीतरी दुसऱ्या रायफलीचा बसवलाय. म्हातारबांना फोन केला. “हेडस्पेस बघ आधी, मग रड.” .३०३ची गेजं त्यांच्याकडे आहेत, उद्या आणणार.

चोपडीत लिहिलं: आली, १८ ऑक्टोबर. बनवणारा इशापूर, कॅलिबर .३०३, बोल्ट वेगळा.

१९ ऑक्टोबर, रविवार

हेडस्पेस ‘फील्ड’च्या, म्हणजे ‘नो-गो’हून सैल अशा शेवटच्या गेजच्या, आत, पण जेमतेम. सौम्य काडतुसांना चालेल, तेही क्वचित. बहुधा भिंतीवरच राहील.

बाबांना दोरी आणि चिंदी दाखवली. त्यांनी ती दोन मिनिटं फिरवून फिरवून बघायला लावली. टाकू नकोस म्हणाले.

चापाच्या कड्याचा पुढचा स्क्रू हलत नाही. तेल सोडलंय. रात्रभर तसाच ठेवतो.